रेमेतचा तोल

"काका, काकूंना इतकं घट्ट धरू नका. त्यांचा तोल त्यांना सांभाळू द्या," वॉल्ट्झ शिकवणारी मुलगी पुन्हा म्हणाली.

इनासने मान डोलावली, पण हात काही सैल होईना. गेल्या वर्षी रेमेतची डावी बाजू लुळी पडली, तेव्हापासून अंथरुणातून न्हाणीपर्यंत त्यानेच बायकोला धरून नेलं होतं. आता ती बरीच सावरली होती आणि लेकीच्या लग्नात नवऱ्याबरोबर नाचायचंच, असा हट्ट धरून बसली होती.

"अहो, सोडा ना जरा," ती कुजबुजली. "जीव घुसमटतो माझा."

त्याने श्वास रोखून पकड ढिली केली. दोघं एक पाऊल मागे गेली, मग बाजूला. वळताना तिचा डावा पाय अडकला आणि त्याच्या डोळ्यांदेखत ती चर्चच्या हॉलमधल्या फरशीवर आदळली.

तो खाली वाकला, पण तिला उचलायला त्याच्यात बळच उरलं नव्हतं. तिच्याशेजारी तो मटकन बसला आणि त्याला रडू कोसळलं.

"मला काही झालं नाही हो," रेमेत म्हणाली. "आणि आता हात लावू नका. माझी मी उठते."

ती खुर्चीला धरून इंचाइंचाने उठू लागली. त्याला नुसतं बघत राहावं लागलं.