चाळीस ओळी

"नवीन सॉफ्टवेअरच चुकून राह्यलं. आकडा जुन्याशी जुळवून घे," जगदेवराव म्हणाले आणि त्यांनी पेन टेबलावर आपटला.

वाशीमच्या त्या बियाणे कंपनीत सकाळपासून हेच भांडण चाललं होतं. वीस वर्षांचं जुनं सॉफ्टवेअर आज बंद होणार होतं. रोज कागदावर निघणारा त्याचा रिपोर्ट जाऊन नवा डॅशबोर्ड येणार होता. अट एकच होती, दोन्हीकडचे आकडे जुळले पाहिजेत. विक्री जुळली, साठा जुळला. पण बियाणं उगवलं नाही अशा तक्रारींची यादी काही केल्या जुळेना. जुन्या कागदावर मेडशी गावाचं नावसुद्धा नव्हतं. नव्या पडद्यावर मेडशी लालभडक, एकसष्ट तक्रारी! पाच वाजता मॅनेजर जगदेवरावांना शेठकडे सगळं जुळवून पाठवायचं होतं. कॉम्प्युटर सांभाळणारा संघपाल सारखा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता. दहा वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात, चांगल्या कामाबद्दल शेठनं ते घड्याळ स्वतःच्या हातानं त्याला बांधलं होतं.

दारात मेडशीची रुख्मिणीबाई उभी होती. एसटीनं आली होती. पदरात मूठभर सोयाबीन, वावरातून उकरून काढलेलं, कुजलेलं. एका दाण्याला कोंब नव्हता.

"सा दिवस झाले, मी चकरा मारून राह्यली," ती म्हणाली. "कंपनीच्या कोन्याबी मानसानं वावर पाहून सही केली का बदली बियाणं भेटते म्हनता. मंग या ना पाहाले! ओल चालली. उद्या आमी वखर घालतो. मंग काय ढेकळं पाहसान?"

जगदेवरावांनी छापील कागद तिच्यापुढे नाचवला. "बाई, मेडशीची एकबी तक्रार नाही ह्याच्यात. नावच नाही तं मानूस कोनाच्या वावरात पाठवू?"

"तक्रारीची पावती हाये ना माह्यापाशी! गेल्या सालची बी हाये. तवाबी कोनी आलं नाही."

संघपालनं पावत्यांचे नंबर नव्या पडद्यावर टाकले. दोन्ही निघाले. म्हणजे तक्रार नोंदली जात होती, फक्त कागदावर येत नव्हती.

"साहेब, नवीन नाही चुकत. जुनं लपवून राह्यलं."

"इतके वर्षं लपवलं? काहीबी बोलतं का बे! ते एकसष्ट काढून टाक. मले पाच वाजता आकडा जुळलेला पाहिजे."

संघपालचं डोकं सणकलं. त्यानं कपाटातून तक्रारींच्या जुन्या रिपोर्टांची फाईल ओढून काढली. पावसाळ्यातला प्रत्येक रिपोर्ट बरोब्बर एक पान. त्यानं ओळी मोजल्या. चाळीस. दुसरा कागद, चाळीस. तिसरा, चाळीस. तक्रारी काय रोज मोजून चाळीसच येतात? सगळ्यात वर दोनशे बॅगा घेणारा, त्याखाली दीडशेवाला, मग शंभरवाला. शेवटच्या ओळीत वीस बॅगांचं गिऱ्हाईक, आणि तिथं पान संपलं. दोन बॅगा, तीन बॅगा घेणारी मेडशी त्या पानावर कधी पोचलीच नव्हती.

"च्यामायले!" तो ओरडला. "चाळीस झाले का थांब, असं सांगून ठेवलंय कोनीतरी! मोठ्याईचं पाहा आन बाकीचे मरा! कसा मानूस आसंल हा? ह्याच्या घरी कोनी पेरत नसंल काय?"

रुख्मिणीबाईचे डोळे पेटले. "कोन व्हय तो? नाव सांग मले. दोन साल मी कोरं वावर पाहत बसली, दोन साल! हे सडकं बी त्याच्या तोंडात कोंबीन मी."

"आत्ता सांगतो मावशी. प्रोग्राममंदी बदल केला का खाली नाव टाका लागते. पळून जाते कुठं!"

त्यानं जुना प्रोग्राम उघडला. रागात बोटं चुकत होती. चाळीसचा आकडा सापडला. त्याच्यावर कोणीतरी दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या. 'शेठ पान उलटत नाहीत. यादी एका पानात बसवली.' तारीख दहा वर्षांपूर्वीची, जुलैची. तारखेखाली नाव होतं.

संघपाल ते नाव बघत राहिला. त्याच्या बापानंही उभ्या जन्मात दोनच्या वर बॅगा घेतल्या नव्हत्या.

"सापडलं काय?" रुख्मिणीबाईनं विचारलं.

जगदेवराव खुर्चीमागून वाकले. त्यांनीही वाचलं. मग त्याच्या कानाशी हळूच म्हणाले, "पुसून टाक लेका. कोनाले काय मालूम? एकसष्टबी काढ, जुनं जसं होतं तसं राहू दे."

संघपालनं हातातलं घड्याळ सोडलं आणि टेबलावर ठेवलं. मेडशीच्या एकसष्ट तक्रारी होत्या तशा ठेवून नवा पडदा शेठला पाठवून दिला. जगदेवराव "अबे, अबे" करत राहिले. त्यानं मोटारसायकलची किल्ली उचलली, सहीचा कोरा फॉर्म खिशात कोंबला आणि दारात आला.

"चला मावशी, बसा गाडीवर. तुमचं वावर पाहून सही मी करतो."

"आन तो? त्याचं नाव?"

"ते सडकं बी पदरात जपून धरा," संघपाल म्हणाला. "माह्याच तोंडात कोंबाचं हाये."