स्टिअरिंगची थरथर

गाडीने ऐंशीचा वेग गाठला आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं.

मुलाने पकड घट्ट केली. थरथर मनगटातून कोपरापर्यंत चढली. त्याने वेग साठावर आणला, तशी ती थांबली. पुन्हा ऐंशी केला, पुन्हा सुरू. शेजारी वडील बसले होते, मांडीवर प्लॅस्टिकची फाईल घेऊन. हातांच्या कंपासाठी डॉक्टरांनी अकराची वेळ दिली होती.

दोन महिन्यांपूर्वी वडिलांच्या या गाडीला ही चकचकीत चाकं त्यानेच बसवली होती. दुसऱ्या मॉडेलच्या गाडीची, त्यांच्या सत्तरीची भेट म्हणून. आठवडाभरात वडील त्याच्या गॅरेजात आले. "अरे, ऐंशीच्या पुढे गेलं की स्टिअरिंग हातात नाचतं." पस्तीस वर्षं बस चालवलेला माणूस सांगत होता, ऐकून तरी घ्यायचं. पण मुलाचं गावभर नाव. बॉनेट न उघडता नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगतो म्हणे! त्याने बॅलन्सिंग तपासलं, अलाइनमेंट पाहिली आणि गॅरेजमागच्या गल्लीत एक चक्कर मारून आला. त्या गल्लीत काटा चाळिसाच्या पुढे जातच नाही. उतरला आणि चारचौघांत म्हणाला, "बाबा, स्टिअरिंग ठणठणीत आहे. थरथरतात ते तुमचे हात."

गिऱ्हाइकं हसली, कारागीर हसले, वडीलही हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीची किल्ली आणून गिऱ्हाइकांच्या किल्ल्यांच्या फळीवर टांगली आणि चालत घरी गेले. तेव्हापासून गाडी गॅरेजातच उभी होती. घरी आई त्यांना अर्धाच कप चहा द्यायला लागली, सांडू नये म्हणून. मग खरंच सांडायलाही लागला.

मुलाने गाडी कडेला घेतली.

"काय झालं रे?"

"काही नाही. बघतो जरा."

जॅक लावून त्याने पुढचं एक चाक उतरवलं. चाकाचं मधलं भोक, ते ज्यावर बसतं त्या गाडीच्या हबपेक्षा मोठं होतं. परक्या मॉडेलचं चाक लावताना ती फट भरायला आत बांगडीएवढी रिंग घालावी लागते. नाही घातली तर चाक केसभर बाजूला बसतं आणि वेग वाढला की थेट स्टिअरिंगला हादरे देतं. इथे रिंग नव्हती. त्याने दुसरं पुढचं चाकही काढलं. तिथेही नव्हती. त्याला सगळं आठवलं. रिंगा दोन दिवसांनी येणार होत्या, वाढदिवस मात्र उद्यावर आला होता. तेव्हा चाकं तशीच आवळली, मागाहून घालू म्हणाला. रिंगांचं पाकीट आलं, ते न फोडताच खणात पडलं.

रस्त्याच्या कडेला उकिडवं बसल्याबसल्या त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वडिलांना सगळ्यांदेखत म्हातारं ठरवून मोकळा झाला होता तो. आणि तरीही मनात आलं ते हेच, की गप्प बसावं. डॉक्टर हात तपासतील, काही नाही म्हणतील. संध्याकाळी गुपचूप रिंगा घालून टाकाव्यात, कुणाला कळणार आहे? हे आपल्याला सुचलं याचीच त्याला जास्त लाज वाटली.

चाकं परत चढवून तो वडिलांच्या खिडकीशी आला.

"बाबा, चूक माझी आहे. चाकांत रिंगा घालायच्या राहिल्या. थरथर गाडीतच होती. तुमचे हात चांगले आहेत."

वडील त्याच्या काळ्या झालेल्या बोटांकडे बघत राहिले. मग हसले.

"बरं."

"बरं काय, बाबा? खरं सांगतोय मी."

"अरे, मला बरं वाटावं म्हणून केवढा खटाटोप! चाकं काय काढलीस, कपडे काय मळवलेस. चल आता, अकरा वाजतील."

"मग तुम्हीच चालवा ना. ही घ्या किल्ली."

"नको रे. उगीच कुणाला तरी उडवीन." त्यांनी सीटबेल्ट ओढून पाहिला, नीट लागलाय ना म्हणून.

मुलगा पुन्हा चालवायला बसला. रस्ता मोकळा होता. साठ, सत्तर, ऐंशी. स्टिअरिंग थरथरायला लागलं.

"बाबा, इथे हात ठेवा. तुम्हीच बघा."

वडील आधी तयार होईनात. मग तळवा पँटला पुसून, परक्याच्या वस्तूला लावावा तसा त्यांनी हात स्टिअरिंगवर अलगद टेकवला. त्यांची बोटं थरथरली, मनगट थरथरलं, शर्टाची बाहीसुद्धा थरथरली.

"कळलं ना आता?" मुलाने विचारलं. आवाजात नुसती विनवणी होती.

"कळलं." वडिलांनी हात मागे घेतला आणि दुसऱ्या हाताने गच्च धरून ठेवला. "तू म्हणालास ते खरं आहे. चांगलाच थरथरतो."

"हात नाही हो बाबा! चाकं थरथरतायत, चाकं!"

वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, उलट कौतुकच होतं, आणि ते मुलाला सोसवेना.

"काहीतरीच काय बोलतोस," ते म्हणाले. "चाकं तू बसवलीयेस."