दीड हजार फुटांखालचा जीव

सत्यवतीअक्का तीस वर्षं एकाच सूक्ष्मजीवाच्या मागे होत्या: जमिनीखाली खोल राहणारा, लाखो वर्षांत माणसाशी संबंध न आलेला. तो सापडला नाही. निवृत्तीला आठवडा उरला असताना येलहंक्यातल्या त्यांच्या सोसायटीची बोअरवेल दीड हजार फुटांवरही कोरडी निघाली. सोसायटी रडली, अक्कांना मात्र आयतं भोक मिळालं. तळाचा ओलसर गाळ त्यांनी कुपीत भरला आणि बाळासारखा छातीशी धरून प्रयोगशाळेत नेला. चौथ्या दिवशी कुपी घेऊन परतल्या, तर सेक्रेटरी गेटवरच उभे. "पाणी नाही ते नाही. जीव तरी सापडला का, अक्का?" "सापडले. भरपूर." "मग चेहरा असा का?" "माणसाच्या आतड्यातले आहेत, अण्णा. आपलं ड्रेनेज तिथवर पोचलंय." सेक्रेटरींनी विचार केला. "पण स्वल्प, थोडे तरी जुने असतील की?" "गेल्या सोमवारचे," अक्का म्हणाल्या आणि सवयीने कुपी छातीशी धरली.