नारळ आणि सुपारी

स्वानंदने ओट्यावरचा नारळ उचलून जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला ठेवला आणि दुसऱ्या टोकाला सुपारी. "हा नारळ म्हणजे आई," तो म्हणाला, "आणि ही सुपारी म्हणजे ऋचाचे बाबा."

स्वानंद पनवेलच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. घरातला कुठलाही पेच मांडून दाखवला की सुटतो, अशी त्याची भाबडी समजूत आहे. त्याला आणि ऋचाला भाड्याचं घर सोडून स्वतःचा फ्लॅट घ्यायचा होता. त्याची आई आशालताबाई पनवेलजवळच करंजाड्यात. ऋचाचे वडील प्रभाकरराव उरणला, मोरा बंदराजवळ, एकटे. आईंना मुलगा शेजारच्या बिल्डिंगमध्ये हवा होता आणि ऋचाचा जीव वडिलांपाशी होता. यावरून घरात रोज वाजायचं. म्हणून आज दोघांनाही जेवायला बोलावलं होतं, आणि जेवण बाजूलाच राहिलं होतं.

मग त्याने मटारचा एक दाणा घेतला. हा दाणा म्हणजे तो आणि ऋचा. दाणा कुठे ठेवला तर दोन्हीकडची ओढ सारखी होईल? आशालताबाईंनी तो बरोबर मध्यावर ठेवला. उलव्याला घ्या म्हणाल्या, कुणाला बोलायला जागा नको. स्वानंद हसला. क्लासमधली पोरंही हीच चूक करतात, म्हणाला. दोन्ही वस्तू सारख्या असल्या तरच मध्य. इथे आईचा फोन सकाळ-संध्याकाळ येतो, बाबांचा सणावारी. बोलता बोलता त्याने दाणा बोटाने ढकलत पार सुपारीपाशी नेला.

"आई जड, बाबा हलके. म्हणून जागा इथे, उरणजवळ द्रोणागिरीला."

"मी जड झाले तुला?" आशालताबाईंनी विचारलं.

जड म्हणजे वस्तुमान जास्त, हे तो घाईघाईने समजावू लागला. म्हणजे ओढ जास्त, माया जास्त. मग जिची माया जास्त तिच्यापासूनच लांब का, असं त्यांनी विचारलं. त्याचं उत्तर गणितात होतं, मराठीत नव्हतं. आपण सासऱ्यांना चारचौघांत हलकं म्हणालो, हेही त्याच्या उशिरा लक्षात आलं. तो ऋचाकडे वळला. जागा तर तिला हवी तिथेच निघाली होती, तरी सगळ्यात जास्त तीच चिडली होती. आईंच्या हातात नारळ दिलास आणि बाबांना हलकं केलंस, आता उरलं कोण, असं तिने विचारलं. नेमकं कोण कुणाच्या बाजूने आहे, हेच त्याला कळेना.

"अहो, पण ही जागा फार चांगली असते," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "दोन्ही ओढी एकमेकींना खोडतात. तिथे उभं राहिलं की कुणाचीच ओढ लागत नाही."

हलकं म्हटल्याचा प्रभाकररावांना राग आलेला दिसत नव्हता. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि पेला सावकाश खाली ठेवला.

"ऋचाची आई गेल्यापासून मी तसल्याच जागेत राहतोय, स्वानंदराव," ते म्हणाले. "तुम्ही नका घेऊ."