अवदसा

"अवदसा, अवदसा, अवदसा..." ओट्याशी उभी राहून यामिनी भरभर म्हणत होती. समोर शेवग्याचा पाला निवडायचा पडला होता. मोबाइलवर पाऊण मिनिटाची वेळ लावलेली. सासूबाई मारुतीला गेल्या होत्या. आवडी नावाच्या त्या तमिळ गावातल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये एवढा एकान्त तिला शनिवारीच मिळे.

उपाय विद्यालक्ष्मी मॅडमनी सांगितला होता. मनाचे आजार पाहणाऱ्या बाई. जो शब्द छळतो तो न थांबता म्हणत राहायचं, अर्थ झडून नुसता आवाज उरेपर्यंत. त्यांना मराठी येत नव्हतं. तरी पहिल्या दिवशी त्या स्वतःही तिच्यासोबत "अवतसा, अवतसा" म्हणाल्या, आणि यामिनीला त्या शब्दाचं पहिल्यांदाच हसू आलं.

तीन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याची, क्षितिजची स्कूटर ट्रकखाली आली. इस्पितळाच्या व्हरांड्यात सासूबाई तिच्याकडे बघून तो एकच शब्द बोलल्या. पुन्हा कधीच नाही. पण क्षितिजच्या जागी लागलेल्या नोकरीत फाइल उघडताना, केसांतून कंगवा फिरवताना, तिला तो ऐकू येई. त्यांच्याच आवाजात.

आज मात्र तो सुटू लागला. अव. दसा. दसाव. जीभ अडखळली. कुठल्याशा न पाहिलेल्या गावाचं नाव असावं, तसा तो वाटू लागला. तिनं डोळे मिटले.

"असं कोण म्हणालं तुला?"

सासूबाई दारात उभ्या होत्या. हातात प्रसादाचा द्रोण.

"नाव सांग मला. माझ्या सुनेला असं बोलायची कुणाची हिंमत झाली?"

यामिनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिथे राग होता, खराखुरा. दुसरं काही नव्हतं. मोबाइल वाजू लागला. तिनं तो बंद केला.

"आठवत नाही, आई."

सासूबाईंनी द्रोण ओट्यावर ठेवला, पाला उगाच इकडचा तिकडे केला आणि त्या आतल्या खोलीत गेल्या. यामिनी देठ खुडू लागली.

जरा वेळानं आतल्या खोलीतून सासूबाईंच्या तोंडून तो शब्द ऐकू आला. एकदाच, अगदी हळू. आवाज ओळखीचा आहे का, हे बोलून पाहावं तसा.



हातातला पाला टाकून यामिनी दाराशी गेली. तिनं हाक मारायच्या आधीच आतून कडी लागली.