पाटली

नवऱ्याने कमरेला दोर बांधला, दुसरे टोक फणसाच्या खोडाला आवळले आणि शौचटाकीच्या उघड्या तोंडात शिडी सोडली, तेव्हा ती धावत पुढे आली. मैला उपसणारा टँकर नुकताच निघून गेला होता. तळाच्या गाळात सासूबाईंची सोन्याची पाटली असणार, याविषयी नवऱ्याला तिळमात्र शंका नव्हती. ती पाटली सुनेच्याच हातून शौचालयात निसटली होती, आणि तेव्हापासून सासूबाईंनी तिच्याशी अबोला धरला होता.

"अहो, नका उतरू! मागच्या आळीतला गवंडी असाच उतरला, तो वर आलाच नाही."

"त्याला दोर नव्हता. अगं, मी विहिरी उपसलेला माणूस. हे तर डबके!"

"दोर काय श्वास घेणार आहे तुमच्यासाठी?"

तो हसला आणि उतरू लागला. गुडघे दिसेनासे झाले, मग कंबर. तो खोकला. तिने टँकरची नळी पडली होती त्या गवतात झेप घेतली आणि मूठ आवळून किंचाळली, "सापडली! इथेच पडली होती!"

तो धापा टाकीत वर आला. "दाखव."

तिची मूठ उघडेना. मागील दारातून सासूबाई तरातरा आल्या. आपल्या तळव्यांच्या आडोशात धरून त्यांनी तिची बोटे उलगडली. आत काहीच नव्हते. त्यांनी मुलाच्या पांढऱ्याफटक तोंडाकडे पाहिले.

"धुऊन ठेवते मी," असे म्हणत त्यांनी पदराला घट्ट गाठ मारली. "तू आधी ते झाकण लाव."