सैन्यातला माणूस

डॅरेलने दोन वर्षं सैन्यात मशिनगन चालवली. सरावात एक पाय गेला म्हणून विसाव्या वर्षीच त्याला घरी पाठवलं. आजोबांचा गोठा आता तो एकटाच सांभाळतो. या आठवड्यात रानकुत्र्यांनी त्याची दोन वासरं फाडली. उरलेलं एक तरी वाचावं म्हणून तो हॉलिसकाकांच्या दुकानात रायफल घ्यायला गेला.

“नाही देता येणार, पोरा. फ्लोरिडात एकवीस पूर्ण लागतात,” काका म्हणाले. “सैन्यातल्यांना सूट आहे.”

“मग? गेल्या महिन्यापर्यंत मी कुठे होतो, सर्कशीत?”

“तेव्हा यायचंस ना! सुट्टीवर, अर्ध्या चड्डीत आला असतास तरी दिली असती. आता तू साधा माणूस.”

“म्हणजे वासराला सांगू, वर्षभर दम धर म्हणून?”

तेवढ्यात डॅरेलच्या शेजारचा कोल्बी आला, सांगून ठेवलेली रायफल न्यायला. वय एकोणीस. मागच्याच महिन्यात राज्याच्या राखीव सैन्यात त्याने नाव घातलं होतं. प्रशिक्षण अजून सुरू व्हायचं होतं, त्याआधी जरा हात बसावा म्हणून ही खरेदी. काकांनी त्याचं नवंकोरं सैनिकी ओळखपत्र नीट तपासलं आणि रायफल त्याच्या हातात दिली.

कोल्बीने ती उलटसुलट करून पाहिली. मग डॅरेलच्या जवळ सरकला आणि काकांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला,



“दादा, यात गोळ्या कुठून घालतात?”